नीळ दिलेला पांढरा

माझी खुर्ची वाचवली ती समोरच्या रंगारी चाचांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मॉनिटर येईल, लातूर येईल, कावीळ झालेली नवरी येईल, आणि त्या गडबडीत चाचा मागं पडतील अशी मला धास्ती वाटते. धास्ती मला कशाचीही वाटते. कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघते. चाचा म्हणायचे, "बेटी, तू कुलपाला पण झोपू देत न्हाईस."

परळीत मोंढ्याकडं, म्हणजे धान्याच्या बाजाराकडं, जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ होता आणि बरोबर समोर चाचांचं दुकान. दुकान म्हणजे दोन तांब्याची पातेली, एक भट्टी आणि वाळत घालायच्या चार दोऱ्या. बाईनं ब्लाउजपीस पुढं केला की त्याच रंगाची ओढणी करून द्यायचे. साडीचे फॉल, लग्नातले फेटे, सगळं त्यांच्याकडं. त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत रोज वेगळ्या रंगाचे असायचे. सोमवारी हिरवे, गुरुवारी जांभळे. हात बघून आज कोणाकडं लग्न आहे ते मला कळायचं.

मी राजापूरकडची. आठवीपर्यंत शिकले. हायस्कूल खाडीपलीकडं होतं. एका वर्षी खाडीतली तर, म्हणजे माणसं पलीकडं नेणारी होडी, बंद पडली, तशी माझी शाळाही बंद पडली. पुढं लग्न झालं, नवऱ्याला परळीच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडं काम लागलं आणि मी समुद्र सोडून इतक्या लांब आले की माहेरचं पत्र पोचेपर्यंत त्यातली बातमी शिळी व्हायची. पहिल्याच आठवड्यात किराणावाल्यानं विचारलं, "कावून आलाव?" मला वाटलं, हा मला रागावून आलात का म्हणून विचारतोय. मी म्हटलं, "नाही हो, मी कशाला कावू?" दुकानातली सगळी माणसं हसली. 'कावून' म्हणजे 'का' हे मला चार दिवसांनी शेजारणीनं सांगितलं. तोवर मी त्या दुकानात जायलाच घाबरत होते.

स्टुडिओत मी आले ती रेशनकार्डाच्या फोटोसाठी. काचेमागं एका नवरीचा मोठा फोटो लावलेला होता. फोटो काढून झाल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "ही साडी अबोली आहे. तुम्ही गुलाबी केलीत."

मालक चपापले. "तुमाला कसं कळलं ओ?"

"काठ तसाच राहिलाय तुमचा. अबोलीला शोभणारा आहे तो."

मालकांनी नुकताच डिजिटल कॅमेरा आणि कंप्युटर घेतला होता. दोन हजार साल उलटून दोनतीन वर्षं झाली असतील. शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं मोबाइलची कव्हरं विकायला टांगली होती आणि जो तो काहीतरी नवीन आणत होता. मालकांना फोटो काढता यायचे, पण कंप्युटरसमोर बसलं की त्यांचं डोकं दुखायचं. आठ दिवसांनी निरोप आला, की कोकणी ताईला बोलवा.

तशी मला खुर्ची मिळाली. फिरती, खाली चाकं असलेली. आमच्या घरी एकच खुर्ची होती आणि तिच्यावर वडील बसायचे. मी पाटावर बसणारी. स्टुडिओत कोणी आलं की मी आपोआप उठून उभी राहायचे, तर मालक म्हणायचे, "बसा ओ ताई. ती खुर्ची तुमचीच हाय." हे वाक्य मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं. दोनदा.

इंग्रजी मला येत नव्हतं. कंप्युटरवरचे शब्द मी चित्रासारखे पाठ केले. तिसऱ्या ओळीतला लांब शब्द दाबला की उजेड, त्याखालचा दाबला की रंग. काम असं, की कॅमेऱ्यातले फोटो कंप्युटरवर यायचे, मी त्यांचं टचिंग करायचे, मग सीडी भरून ती एसटीनं लातूरच्या लॅबला जायची आणि दुसऱ्या दिवशी छापलेले फोटो एसटीनंच परत यायचे. कंडक्टर लोकांना आमचं पाकीट ओळखू यायला लागलं होतं.

पहिला मॉनिटर जुना, कोणीतरी वापरून दिलेला होता. त्याच्या एका कोपऱ्यात लाली चढली होती आणि सगळ्यांचे चेहरे त्यात गुलाबी दिसायचे. पण त्याची खोड मला पाठ झाली होती. अमुक इतका गुलाबी दिसला म्हणजे कागदावर ठीक येणार, हे मी मनात धरूनच चालायचे. तापट सासऱ्याशी सून जशी जुळवून घेते तसं. मग एक दिवस त्यातून चर्र असा आवाज आला, धूर आला आणि सासरे गेले.

मालक म्हणाले, "लातूरला जाऊ. तुमीच निवडा. बसायचं तुमाला हाय."

हे ऐकल्यावर मला त्या रात्री जेवण गेलं नाही. भाजी निवडताना मी भेंडीसुद्धा दोनदा उलटून बघते. इथं तर अख्खा मॉनिटर.

निघताना मी एक युक्ती केली. लॅबनं चांगला छापलेला एका लग्नाचा फोटो पिशवीत टाकला आणि त्याच फोटोची सीडीही सोबत घेतली. दुकानदारानं आम्हाला सरळ एका चपट्या, पाटीसारख्या पातळ मॉनिटरपुढं नेऊन उभं केलं. "आता हेच चालतंय. टेबलावर जागा खात न्हाई."

मी सीडी लावायला सांगितली. फोटो लखलखीत दिसला. मी जरा डावीकडं झुकले, तर नवरदेव काळवंडला. खाली वाकले, तर पांढराफटक. उभी राहिले, पुन्हा बसले, पुन्हा वाकले.

"ताई," मालक हळूच म्हणाले, "लोक बगायलेत."

दुकानदार म्हणाला, "तुमी समोर नीट बसून बघा ना. कशाला वाकायलात?"

"अहो भाऊ, अल्बम पसंत करायला नवरी एकटी येत नाही. तिच्या मागं चार बायका उभ्या असतात. त्यातली एक म्हणणार नवरा गोरा, दुसरी म्हणणार काळा, आणि भांडण आमच्या स्टुडिओत."

मालक मोठ्यांदा हसले आणि मला जरा धीर आला. मग जुन्या पद्धतीचे, मागं मोठं पोट असलेले तीन मॉनिटर बघितले. पहिल्यात कडेच्या रेषा वाकत होत्या, मांडवाचे खांब पिऊन उभे असल्यासारखे. दुसरा दिसायला छान, पण नवरदेवाचा काळा कोट नुसता काळा ढीग. छापलेल्या फोटोत कोटावरचं काळं बटण वेगळं दिसत होतं, इथं ते बुडालं होतं. तिसऱ्यात बटण दिसलं. बटणाची चार भोकंही दिसली. मी म्हटलं, "हा."

"ह्यो? लई जड हाय ओ ताई."

"हा."

आयुष्यात मी इतक्या ठामपणे दुसऱ्यांदा काही बोलले असेन. पहिलं, अबोली. जीपमधून येताना अंबाजोगाईच्या घाटात प्रत्येक वळणाला मी त्या खोक्याला दोन्ही हातांनी धरत होते आणि आपण चुकलो तर काय, हे मनात घोळवत होते.

आणि चुकलंच. म्हणजे वाटलं तसं.

मॉनिटर आला तेव्हा मार्च लागला होता. ऊन चढलं आणि रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांनी दरवर्षीप्रमाणं पुढं हिरवी जाळी बांधली. आम्हीही बांधली. आत छान गारवा. त्या गारव्यात बसून मी नव्या मॉनिटरवर पहिला मोठा अल्बम केला, युसूफ वडगाव नावाच्या गावातल्या एका लग्नाचा. चेहरे जरा लाल वाटले, मी लाली कमी केली. जरा निळसर वाटले, पिवळं वाढवलं. देवाचं नाव घेऊन सीडी भरली.

फोटो छापून आले ते मालकांनी गडबडीत तसेच मुलीच्या वडिलांकडं पाठवून दिले. तिसऱ्या दिवशी वडील अल्बम बगलेत मारून स्टुडिओत हजर.

"आमच्या पोरीला कावीळ कदी झाली ओ?"

मालकांना कळेना. वडिलांनी अल्बम उघडून टेबलावर ठेवला. नवरी पिवळी, नवरदेव पिवळा, भटजी हिरवट. आहेराची पांढरी टोपी घातलेले सगळे पाहुणे दवाखान्यातून नुकतेच उठून आल्यासारखे.

"पोरीच्या सासूनं फोन केला. म्हणती, लग्नाच्या वक्ताला पोरगी आजारी होती तर सांगितलं कावून न्हाई? उसाचा रस पाजायलेत तिला तिकडं! चांगली पोरगी रोज दोन गिलास रस प्यायली!"

ते खरं तर हसत हसतच बोलत होते, पण मला जमीन दुभंगावी असं झालं. मालकांनी अल्बम पुन्हा करून द्यायचं कबूल केलं. वडील गेल्यावर मालकांनी तो अल्बम मिटून टेबलाच्या खणात टाकला. मग म्हणाले, "ताई, ह्याच्या पुढचं लग्न सिरसाळ्याचं हाय. वाण्याचं घर, अख्खा बाजार त्यांना ओळखतो. त्यो अल्बम बिगडला तर टचिंगचं काम मी लातूरलाच देतो. तुमाला काय बोलायलो न्हाई, पर माझं बी दुकान हाय."

ते मला बोलले नाहीत हे खरंच. चांगला माणूस होता. पण मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

दुपारी आम्ही दोघांनी मॉनिटरचीच तपासणी केली. खाली बटणं होती, ती दाबली की पडद्यावर यादी यायची. मालक अक्षरं जुळवत वाचायला लागले. "ब्राइट... म्हंजे उजेड. हे काय? कलर टेंपरेचर." आणि थांबले. "नऊ हजार तीनशे!"

"म्हणजे काय?"

"टेंपरेचर म्हंजे ताप. गरमी. नऊ हजार तीनशे डिग्री! आवो, आपली परळी बेचाळीसला गेली तर माणसं रस्त्यावर न्हाई दिसत!"

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, तर तोही गंभीर झाला. "आमच्या बॉयलरलासुद्धा एवढं नसतं गं."

दुसऱ्या दिवसापासून मालकांनी कूलरचं तोंड गिऱ्हाइकांकडून फिरवून मॉनिटरकडं केलं. गिऱ्हाइकं घामानं निथळायची आणि मॉनिटर पोटावर गार वारा घेत बसायचा. त्या आकड्याला हात लावायची आमची कोणाचीच छाती झाली नाही. वाढला आणि फुटला तर?

चाचा आले ते ह्या कूलरच्या दुसऱ्या दिवशी. हात केशरी होते. युसूफ वडगावच्या त्या वडिलांनी जाताना त्यांच्याकडंही वळसा घातला होता, कारण लग्नातले फेटे चाचांनी रंगवले होते, आणि अल्बममध्ये ते शेणकट पिवळे दिसत होते. "चाचा, तुमचा रंग असा कसा उडाला?" असं ते विचारून गेले होते. चाचांना आयुष्यात हे कोणी विचारलं नव्हतं.

"बेटी," त्यांनी फेट्याच्या कापडाची एक चिंधी माझ्यापुढं धरली, "हा माझा रंग. तुझ्या टीव्हीत दाखव मला."

मी त्या लग्नाचा फोटो उघडला. ते बघत राहिले. मग चिंधीकडं बघितलं, मग छताकडं, मग दाराकडं. "तू हितंच बसून रंग बघती?"

"हो. मग कुठं बघू?"

"ऊठ. बाहेर ये."

त्यांनी मला उंबऱ्याबाहेर, जाळीच्या पलीकडं त्यांच्या छपराच्या सावलीत नेलं आणि खांद्यावरचा पांढरा मलमलचा तुकडा हातात दिला. "बघ. कसा हाय?"

"पांढरा."

"आता हाच घेऊन आत जा."

मी आत आले. तुकडा हिरवा झाला होता. फिका, पण हिरवा, अळूच्या पानात काही गुंडाळून ठेवावं तसा. मी पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. रस्त्यावरचा रसवाला ओरडला, "ओ ताई, काय हरवलं का?"

चाचा समजावून सांगायला लागले. कापड बघायला आलेल्या बाईला ते कधीच दुकानाच्या आत बघू देत नाहीत, उन्हातही नाही. छपराच्या सावलीत, दिवसा, बस. जाळीखाली बसलं की डोळा हिरव्याला सरावतो. सरावला की साधा चेहरा त्याला लाल दिसायला लागतो, आणि मग माणूस नसलेली लाली काढत बसतो. मी तेच केलं होतं! भटजींना हिरवं मीच केलं होतं.

"जाळी काढा," मी मालकांना म्हटलं.

"आवो, ऊन मारंल! मार्च हाय!"

"मालिक, जाळी काढा," चाचा म्हणाले, "मी पांढरं कापड देतो बांधायला." आणि खरंच घरून दोन जुन्या चादरी आणून बांधल्या. अख्ख्या रस्त्यावर आमचंच दुकान मांडव घातल्यासारखं पांढरं दिसायला लागलं. दोघांनी विचारलंसुद्धा, "आज काय हाय?"

पण अजून निम्मंच झालं होतं. मी पडद्यावर कोरा पांढरा कागद उघडला होता, आणि चाचांनी मलमल त्याच्या शेजारी धरलं. त्यांनी नाक मुरडलं. "हा सफेद न्हाई. हा नीळ दिलेला सफेद हाय."

मी बघितलं आणि मला हसूच आलं. मास्तर लोक धोतराला नीळ देतात, लांबून ते दुधापेक्षा पांढरं वाटतं आणि जवळ गेलं की निळं. अगदी तसा होता तो. नुसता बघितला तर लखलखीत, मलमलशेजारी निळा. म्हणून मी सगळ्यांना पिवळं पाजत होते.

"पण नीळ काढायची कशी?"

हे चाचांना ठाऊक नव्हतं. मी लातूरच्या लॅबवाल्या भाऊंना फोन लावला. पडदा निळा का दिसतो म्हणून विचारलं आणि आमच्या कूलरचंही सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं.

"ताई, त्यो ताप न्हाई! उजेडाचा रंग सांगायचा आकडा हाय त्यो. आकडा मोठा तर उजेड निळा. साडेसहा हजारावर आणा. आणि एक करा. एक फोटो काहीच न करता, जसा कॅमेऱ्यातून आला तसा पाठवा. मी बी हात न लावता छापतो. त्यो छापलेला फोटो शेजारी ठेवून पडदा त्याच्यासारखा करा."

फोन ठेवून मी बटण दाबलं. मालक दोन पावलं मागं सरकले. आकडा साडेसहा हजारावर आला, मॉनिटर फुटला नाही, कूलर गिऱ्हाइकांकडं परत फिरला.

आता फोटो कशाचा काढायचा? चाचा म्हणाले, पांढरा घे, केशरी घे, पण राखाडी पाहिजेच. रंगाऱ्याला सगळ्यात अवघड राखाडी. थोडा जरी लाल, थोडा जरी हिरवा पडला, की लगेच दिसतो.

राखाडी? मी खिडकीकडं बघितलं. परळीत राख शोधायला कुठं जायचं! वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशाची राख रोज आमच्या भांड्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, नवऱ्याच्या भुवयांवर असायची. रोज सकाळी मी तिला शिव्या देत झाडून काढायचे. त्या दिवशी मी खिडकीच्या फळीवरची राख पोस्टकार्डानं गोळा केली, एका पुठ्ठ्यावर खळ फासून तिच्यावर पसरली, शेजारी मलमल आणि केशरी चिंधी चिकटवली. मालक छपराच्या सावलीत तो पुठ्ठा छातीशी धरून उभे राहिले आणि मी आयुष्यातला पहिला फोटो काढला. फोटोत मालक पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पाकीट आलं. त्यावर लॅबवाल्या भाऊंनी लिहिलं होतं, 'गुन्हा काय?'

त्या दुपारी मी खुर्चीवर, चाचा शेजारी स्टुलावर. त्यांच्या हातात छापलेला फोटो, उजेड पांढऱ्या चादरीतून येणारा. मी एकेक बटण दाबायचे आणि ते कापडाच्या भाषेत सांगायचे. "राख अजून जांभळी मारती... आता कमी... थांब, थांब, गेली पुढं. परत ये." मध्येच वीज गेली. वीज इथंच तयार व्हायची आणि इथूनच जायची. ती आल्यावर पडदा पुन्हा वेगळाच दिसायला लागला आणि मी घाईघाईनं परत बटणं दाबायला गेले. चाचा शांत. "भट्टी गार झाली ना? तापू दे." खरंच, अर्ध्या तासानं रंग जागेवर आला. तेव्हापासून मी सकाळी आल्यावर मॉनिटर लावून मगच झाडू हातात घ्यायचे.

शेवटी पडद्यावरची राख नुसती राख झाली. काहीच न मारणारी. चाचा स्टुलावरून उठले, गुडघा चोळला आणि म्हणाले, "हां. आता माझा फेटा बोलायला लागला."

मालकांना मात्र पडदा पिवळा वाटत होता. "नवा घेतला आन् जुना करून ठेवला की ओ." मलाही आतून तसंच वाटत होतं. दोन दिवसांनी डोळा सरावला आणि आधीचाच निळा होता हे दोघांनाही दिसलं, पण त्या दोन दिवसांत मी किती वेळा उठून मलमल पडद्याशेजारी धरलं ते सांगत नाही.

मग सिरसाळ्याचा अल्बम. नवरीचा शालू डाळिंबी, आणि नवरी सावळी. रीत अशी होती की नवरीला दोन बोटं गोरं करायचंच, कोणी सांगो न सांगो. मी करायला गेले. चेहरा उजळला की शालू फिकायचा, डाळिंबी गुलाबीवर जायचा. शालू परत आणला की चेहरा परत सावळा. मालकांनी लग्नात राखेचा पुठ्ठा धरून एक फोटो काढून आणला होता. त्यावरून बघितलं, तर नवरी जशी होती तशीच बरोबर होती. तिला काही करायची गरजच नव्हती. मी काही न करताच सीडी भरली.

पाकीट आलं ते घ्यायला मी स्वतः स्टँडवर गेले. कंडक्टर म्हणाला, "आज ताई स्वतः? सोनं हाय का आत?" तिथं उघडायची हिंमत झाली नाही. स्टुडिओतही नाही. सरळ चाचांच्या छपराखाली जाऊन उघडलं. चाचांनी एकेक फोटो हातात घेतला, लांब धरला, आणि शालूवर थांबले. "किसने रंगाया?" ते म्हणाले. म्हणजे शालू. त्यांना वाटलं कापडच समोर आहे.

मालकांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "ताई, पोरगी सावळीच दिसायली की!"

"ती आहेच सावळी."

"आवो, पर वाण्याच्या घरचे..."

वाण्याच्या घरचे दुसऱ्या दिवशी आले. नवरी, तिची आई, आणि मागं उभ्या राहणाऱ्या दोन मावश्या. मी सवयीनं उठून उभी राहिले होते. आईनं पदरातून शालूच्या ब्लाउजचं उरलेलं कापड काढून फोटोवर ठेवलं. जुळलं. एक मावशी म्हणाली, "जरा उजळ केली असती तर..." तेवढ्यात नवरीनं अल्बम आपल्याकडं ओढला. सगळी पानं उलटून झाल्यावर म्हणाली, "मावशे, साखरपुड्याच्या फोटोत मी कोण हाय तेच मला कळंना गेलतं. ही मीच हाय." आणि मावशीला चिमटा काढला. आई हसली. मालक हसले. मग मालक माझ्याकडं वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "बसा की ओ ताई. उभ्या कावून?"

ह्या वेळी 'कावून' मला लगेच कळलं. मी बसले.

त्या खुर्चीवर मी पुढं चार वर्षं बसले. युसूफ वडगावचा अल्बमही नवीन करून दिला, आणि ऐकलं की रस बंद झाला.

चाचांनी ह्याबद्दल काही घेतलं नाही. मी घरून आलेल्या पोह्याच्या पापडांचा डबा नेऊन दिला, तर त्यांनी तो वाटून टाकला. एकदाच त्यांनी काही मागितलं, तेही मागितल्यासारखं नाही. त्यांच्या लग्नाचा एकच फोटो होता, काळापांढरा. त्यात चाचींच्या डोक्यावर जी ओढणी आहे ती चाचांनी स्वतः रंगवली होती, उस्तादांकडं शिकत असताना, चोरून. "तू त्यात रंग भरशील?"

"कुठला रंग होता?"

"उन्नाबी."

मला माहीत नव्हता. ते म्हणाले, हकिमाकडं एक सुकं फळ मिळतं, त्याचा रंग. लाल न्हाई, कत्थई न्हाई, मधला. मी पडद्यावर करून दाखवला. "हा चॉकलेट हाय." दुसरा केला. "हा वीट हाय." मग मला आठवलं आणि मी घरी पळत जाऊन बरणीतलं आमसूल घेऊन आले. चाचांनी आयुष्यात आमसूल बघितलं नव्हतं. त्यांनी ते उलटसुलट केलं, वास घेतला, चाटून तोंड वाकडं केलं, मग पाण्यात टाकलं आणि छपराखाली वाट बघत बसले. पाण्यात रंग उतरायला लागला तसे ते पुढं वाकले.

"हां," ते हळू म्हणाले. "हाच. भिजलेला. पर ह्याच्याहून थोडा... थोडा मागं."

फोटो त्यांच्या मुलीकडं हैदराबादला होता. ईदला येताना ती आणणार होती. ईदच्या आधीच आमच्या ह्यांच्या ठेकेदाराचं काम चंद्रपूरला गेलं आणि मी माहेरापासून आणखी लांब आले. निघताना चाचांनी मलमलचा तो तुकडा मला दिला. काळ्या फडक्यात गुंडाळून मी तो ट्रंकेत ठेवलाय. इथंही मी एका स्टुडिओत बसते. मॉनिटर आता पातळच आहे. मान तिरकी केली तरी नवरदेव काळा पडत नाही, एवढी सुधारणा झाली. पण पहिल्या दिवशी मी त्याच्याशेजारी मलमलच धरलं.

मागच्या महिन्यात चाचांच्या मुलाचा फोन आला होता. चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि पट्टी काढल्यावर पहिल्यांदा ते डॉक्टरांना म्हणाले, तुमचा कोट नीळ दिलेला हाय. त्यांच्या लग्नाचा फोटो आता परळीतच आहे. चाचा, आईला मी आमसुलं पाठवायला सांगितलीत, ह्या वर्षीची, चांगली काळी. ती घेऊन मी येणार आहे. तुमच्या छपराखाली बसून, दिवसा, सावलीत, तुम्ही 'थोडा मागं' म्हणाल तितक्या वेळा मागं जाऊन मी ती ओढणी उन्नाबी करून देईन, आणि तुम्ही हां म्हणेपर्यंत उठणार नाही.